म्हात्रे आणि मनोजची खोली

आमच्या ठाण्याच्या कॉलेजातले म्हात्रे संगणकालासुद्धा "येऊ का?" असं विचारतात. कॉम्प्युटर लॅब त्यांच्या ताब्यात आहे. सर्व्हरवर प्रत्येक विद्यार्थ्याच्या फायलींना ठरावीक जागा मिळते. म्हात्रे तिला खोली म्हणतात. कुणाच्या खोलीत काही अडकलं की ते आधी पडद्याकडे बघून "येऊ का?" म्हणतात, मगच बटण दाबतात. मग तो विद्यार्थी शेजारी उभा असो की डोंबिवलीला घरी झोपलेला असो.

मी संख्याशास्त्र शिकवतो. एकदा न राहवून विचारलं, "फायलीला काय कळतंय, म्हात्रे?"

"फायलीला नाय हो सर. आपल्या हाताला कळायला पायजे."

लॅबमध्ये चपला बाहेर. मोजे मळके असले तर तेही बाहेर. मुलं चाळीस, मशीन बारा, त्यातली दोन कायम आजारी. व्हायरसच्या धास्तीने म्हात्र्यांनी मुलांच्या मशीनमधले फ्लॉपी ड्राइव्हच काढून कपाटात ठेवलेत. सर्व्हरवरच्या सामाईक जागेत कुणी खेळ आणून ठेवला, की हाक येते, "ए, जिन्यात सायकल कोणी लावली रे?"

मे महिन्यात जुन्या मुलांच्या खोल्या ते रिकाम्या करतात. एक सोडून. ती त्यांच्या मुलाची, मनोजची. तो इथेच शिकला आणि अमेरिकेला गेला. ती रिकामी करायची आठवण मी दर मे महिन्यात करून द्यायचो.

"राहू द्या ना सर. आला तर बसेल कुठे तो?"

यंदा प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या दिवशी सर्व्हर गच्च भरला. स्मिता नावाच्या मुलीचं दिवसभराचं काम पडद्यावर होतं, पण सेव्ह होईना. त्यात शुक्रवार, वीज मंडळाच्या दुरुस्तीचा दिवस. चारला वीज जाणार.

ती म्हात्र्यांना म्हणाली, "सर, कायतरी करा ना! लाइट गेली तर सगळं जाईल!"

"अगं, कोणाला बाहेर काढू? सगळ्यांचंच उद्या आहे."

मी मनोजचं नाव काढलं नाही. म्हात्रे खुर्ची ओढून बसले आणि मुलाचं नाव टाइप केलं.

"येऊ का रे, मन्या?"

एरवी ते विचारतात आणि लगेच बटण दाबतात. त्या दिवशी थांबले. स्मिता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

मग त्यांनी एकेक फाईल काढून टाकली आणि खुर्ची मागे सरकवली.

"ये गं. आण तुझं सामान."