तांगडे सरांचा गिलास

तांगडे सरांनी कुणाला "कसे आहात?" असं कधी विचारलं नाही. ते पाण्याचा तांब्या आणि काचेचा रिकामा गिलास पुढं सरकवायचे. "ओता. मन जेवढं जड, तेवढं पाणी."

औरंगाबादला विद्यापीठात मानसशास्त्र विभागाची समुपदेशनाची खोली होती. आम्ही विद्यार्थी तिथं लोकांशी बोलायला शिकायचो, सर आम्हाला शिकवायचे. आलेल्या माणसानं आधी पाणी ओतायचं, सर त्या पातळीला दोरा बांधायचे. बोलणं झालं की माणसानं हवं तर पाणी कमी करायचं, हवं तर वाढवायचं. "बरं वाटलं, असं माणूस तुमचं मन राखायलाही म्हणतो," सर म्हणायचे. "दोरा कुणाचं मन राखत नाही." कँटीनवाल्या चाचांपुढंही गिलास. चाचा वैतागायचे, "साब, पहले चाय का तो बोलो!"

सरांना उलट विचारलं, तर उत्तर ठरलेलं. "माझा गिलास घासायला टाकलाय." बायको गेल्यापासून तो घासायलाच होता.

माझा त्या वेळचा थाट काय सांगू! कडक इस्त्रीची साडी, बगलेत जाडजूड पुस्तक, आणि दुपारच्या जेवणाच्या आत अख्खा मराठवाडा बरा करीन असा आव. पास व्हायला एका तरी माणसाचं पाणी दोऱ्याखाली उतरायला हवं होतं. लासूरहून एक काकू आल्या. लेक सासरी गेल्यापासून त्यांना झोप नव्हती. त्यांनी गिलास काठापर्यंत भरला. मी तासभर समजावलं. बघते तर गिलास रिकामा!

सरांना ओढतच आणलं. "सर, एका बैठकीत ठणठणीत!"

सरांनी गिलास उलटा करून पाहिला. "काकू, पाणी कुठं गेलं?"

"पिलं की. लई ऊन हाय. अन् ह्या पोरीचं ऐकून ऐकून माझाच घसा सुकला."

सर इतके हसले की चष्मा टेबलाखाली गेला.

पुढच्या खेपेला मी ओठ दाबून बसले. हे आमच्या घरात आजही कुणाला खरं वाटत नाही. काकू बोलल्या, रडल्या, आणि आपणहून दोन बोटं पाणी तांब्यात परत ओतलं. मी पास!

संध्याकाळी पेढे घेऊन गेले, तर सर एकटेच दोरे गुंडाळत होते. घरी जायची घाई त्यांना कधीच नसायची. मी मुळात आगाऊ. गिलास पुढं सरकवला. "घासून आणलाय, सर."

ते बघत राहिले. मग ओतू लागले. काठ आला तरी हात थांबेना. पाणी पेढ्यांच्या पुड्यापर्यंत गेलं. मी पुडा तेवढा बाजूला घेतला.

"ती रोज विचारायची, भाजी कशी झालीय," सर म्हणाले. "मी म्हणायचो, ठीक. रोज तेवढंच." मग बराच वेळ तिच्याबद्दल बोलत राहिले.

शेवटी मी गिलासाकडं नुसतं बघितलं. सरांनी तो उचलला, दोन घोट घेतले आणि खाली ठेवला.

"लई ऊन हाय," म्हणाले.

बाहेर दिवस केव्हाच मावळला होता. दोरा मी बांधलाच नव्हता.