दांडीच्या खाडीत कार्बनचा हात

१९९६ साली बोईसरच्या एमआयडीसीत माझ्याइतका हुशार इंजिनिअर दुसरा नव्हता! हे मत माझंच होतं, पण ठाम होतं. गाळ उपसणाऱ्या पोकलेनचा लांब हात लोखंडाचाच कशाला हवा, असं मी आमचे मालक भगवंतराव यांना विचारलं. विमानाचे भाग कार्बनच्या धाग्यांच्या कापडाचे करतात, ते मजबुतीला लोखंडासारखं आणि वजनाला पाव असतं, हे मी त्यांना रोज सांगायचो. शेवटी माझ्या बोलण्यापायी चहा गार व्हायला लागला, म्हणून ते हो म्हणाले.

सहा महिने आम्ही कापडाचे थरावर थर चिकटवून भट्टीत भाजले. काळाकुळकुळीत हात तयार झाला. दहा जणांनी तो खांद्यावर घेऊन आवारात फिरवला, तेव्हा भगवंतराव पहिल्यांदा हसले. दांडीच्या खाडीत होड्यांच्या वाटेतला गाळ काढून दाखवायचं ठरलं. जमलं तर आमच्या सगळ्या यंत्रांना असेच हात बसवायचे, नाही तर मी माझी सोय दुसरीकडे बघायची, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

यंत्र चालवायला पुंजाराम होता, बीडकडचा, पंधरा वर्षं मुरलेला. त्याला एकच धास्ती, हात मोडणार. भगवंतरावांनाही तीच. त्यामुळे ओहोटीला यंत्र काठावर उतरलं, तेव्हा अख्ख्या गावाचे डोळे हाताकडे लागले होते. पुंजारामने गाळ भरला, उचलला, बाजूला ओतला. दहा वेळा केलं. हात मोडला नाही, वाकलासुद्धा नाही. मी फुलून गेलो. आता हात सरळ वर कर, गावाला नीट दिसू दे, असं मी ओरडून सांगितलं.

हात वर गेला आणि यंत्र मागे बसलं! अगदी सावकाश, जेवण जास्त झालेला व्याही भिंतीला टेकतो तसं.

झालं होतं एवढंच, की जुन्या जड हाताचा तोल राखायला यंत्राच्या पाठीमागे लोखंडाचा भलामोठा ठोकळा होता. मी हात हलका केला आणि ठोकळा विसरलो. आता मागचा भाग चिखलात रुतला होता आणि चाकांच्या जागी असलेल्या लोखंडी पट्ट्यांची पुढची टोकं हवेत. पुंजारामचं तोंड आभाळाकडे.

"साहेब, हात मोडला का?" त्याने आतून विचारलं.

"नाही."

"मग मला ढग का दिसायलेत?"

भरतीला तास उरला होता. मी काठीने चिखलात आकृती काढून भगवंतरावांना तोलाचं गणित समजावू लागलो. मच्छीमार सोसायटीच्या राहीबाई थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या.

"चित्रं मंग काडा," त्या म्हणाल्या. "पानी येते हाय."

त्यांनी घरोघरून माणसं आणि होड्या ओढायचे दोर मागवले. एका पोराने वर चढून दोर हाताच्या टोकाला बांधले. राहीबाईंच्या हाकेबरोबर साठ माणसांनी ओढ दिली आणि त्याच वेळी पुंजारामने हात पुढे टाकला. तिसऱ्या ओढीला यंत्र धप्पकन पुढे आलं आणि आम्ही सगळे डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलो. पट्ट्यांना पाणी लागता लागता पुंजारामने ते वर काढलं.

मी भगवंतरावांना म्हणालो की हाताला ओरखडासुद्धा नाही.

"हात शाबूत आहे," ते म्हणाले. "डोक्याचं बघायला हवं."

तेवढ्यात राहीबाईंनी त्या काळ्या हातावर बोटांनी टकटक केलं आणि याची होडीला डोलकाठी होईल का, असं विचारलं. माझा जीव भांड्यात पडला. होईल की, हलकी आणि गंजणारही नाही, मोजमाप घ्यायला उद्याच येतो, असं मी एका दमात सांगून टाकलं.

राहीबाईंनी मला नीट न्याहाळलं, मग त्या भगवंतरावांकडे वळल्या.

"काठी तुमची चालंल," त्या म्हणाल्या, "पन बसवायला दुसरा मानूस धाडा."