निकडीचं बटण

परभणी जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात ब्याण्णव साली एक संगणक कामाला होता, आणि तो मंद आहे अशी तक्रार कुणीही केलेली नव्हती. धरणग्रस्ताचं नाव यादीत शोधून दाखला छापायला तो चाळीस मिनिटं घेई. तेवढ्यात चहा होई, पान होई आणि कुणाची बदली कुठं झाली यावर साधकबाधक चर्चाही उरके.

संगणक सांभाळणारे दत्तोपंत चांगल्या मनाचे होते, म्हणून सगळा घोळ झाला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बन्सीधरनं त्यांना सांगितलं, "पंत, आतला प्रोसेसर काढायचा अन् त्याच खाचेत नवा बसवायचा. हैदराबादेला मिळायलाय. बाकी कशाला हात लावायचं काम न्हाई. लय पळतो." पंतांनी तो मागवून बसवला. पहिला दाखला सहा मिनिटांत निघाला, तेव्हा कार्यालयाचा चहा अजून अर्धा कप बाकी होता.

हेडक्लार्क माणिकरावांना हे पाहवलं नाही. "जुन्याची सहा वर्षं सेवा झाली, एक मेमो न्हाई. अन् काल लागलेला त्याच्या पुढं पळायलाय? ज्येष्ठता यादी काय चुलीत घालायची?"

साहेब अण्णासाहेब गंभीर झाले. त्यांची स्वतःची बढती याच मुद्द्यावर अडकली होती.

रीतसर आदेश निघाला. नवा प्रोसेसर दोन वर्षं परिवीक्षाधीन राहील. त्या काळात त्यानं ज्येष्ठाहून अधिक वेगानं काम करू नये. जुन्याला काडेपेटीत कापसावर निजवून साहेबांच्या टेबलावर सल्लागार नेमण्यात आलं. संगणकाच्या डब्यावर वेग कमी-जास्त करायचं बटण मूळचंच होतं. ते 'कमी'वर ठेवून वर लाख ओतली आणि मोहोर मारली. अत्यंत निकडीच्या प्रकरणी साहेबांच्या लेखी परवानगीनं मोहोर काढावी, एवढी एक फट माणिकरावांनी काळजीपूर्वक ठेवली.

मग जिल्ह्याला निकड सुटली. साहेबांचा जावई निकडीचा होता. माणिकरावांचे साडू त्याहून निकडीचे होते. सोनपेठच्या एका पुढाऱ्याचे तीन पुतणे एकाच दुपारी निकडीचे निघाले. रोज लाखेची एक कांडी संपू लागली. रांगेतल्या माणसाचं नाव शोधणं मध्येच थांबवून निकडीचं काम होई, आणि नंतर रांगेतल्याचा शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

असा बायनाबाईचा शोध चार दिवस पहिल्यापासूनच सुरू होता. तिचं शेत येलदरी धरणाच्या पाण्यात गेलेलं. नातीला धरणग्रस्तांच्या कोट्यातून नांदेडला नर्सिंगची जागा लागली होती, आणि दाखला द्यायचा तो शेवटचा दिवस होता.

"सायब, आज कागद न्हाई दिला तर पोरीची जागा दुसऱ्याला जाती. चार दिस झाले, तुमचं मशीन मला हुडकायलंय. अन् मी तर हितंच बसलेय की!"

"मावशी, निकडीचा अर्ज दिलात का? कुणी शब्द टाकणारं?" दत्तोपंतांनी विचारलं.

"माझ्या वळखीचं हितं कोण हाय? चार दिसांत तुमीच तेवढे वळखीचे झालेत."

दत्तोपंतांना लाज वाटली. खरं सांगायचं तर त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी नखानं लाख खरवडली आणि परवानगीवाचून बटण दाबलं. सहा मिनिटांत दाखला निघाला, आणि बायनाबाईला नांदेडची एस.टी. सापडली.

सोमवारी तक्रार आली. रांगेचा भंग करून, ओळखीपाळखीवर, अनधिकृत वेगानं काम केल्याबद्दल दत्तोपंतांवर कारवाई व्हावी. तक्रार त्याच संगणकावर छापलेली होती. निकडीची म्हणून बटण दाबून. खाली त्रेपन्न सह्या होत्या. सही करणाऱ्यांचे दाखले बटण दाबूनच निघालेले होते. पंतांची बदली देवगाव फाट्याच्या बाजूला झाली, जिथं संगणक नव्हता.

फाईल अजून आहे. बावन्न सह्या कुणाच्या ते कळलं, त्रेपन्नावी काही लागत नाही. सवडीनं येऊन तेवढी तुमच्या ओळखीची वाटते का बघून जा. रांगेत थांबावं लागणार नाही. तुमच्यापुरतं बटण दाबायला सांगून ठेवलंय.