दुसरा म्हणजे निराळा नाई

आमच्या शाळेत मोडका खडू बदलून हवा असेल तर 'दुसरा द्या' म्हणायची सोय नाही. म्हटलंत, की इंगोले मॅडम खडूची पेटी उघडतात, डावीकडचा पहिला खडू बोटाने बाजूला सारतात आणि त्याच्या शेजारचा तुमच्या हातावर ठेवतात. तोही मोडका निघाला तर तुमचं नशीब.

"तुमी दुसरा मांगतला, सर. निराळा मांगा लागत होता."

दिग्रसजवळच्या एका तांड्यावरची ही शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली-दुसरी मॅडमकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे आणि मध्ये भिंत म्हणून एक लोखंडी कपाट. त्यामुळे मॅडमचा प्रत्येक धडा माझा वर्गही ऐकतो, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा मन लावून ऐकतो.

त्यात मॅडमचा जीव की प्राण म्हणजे क्रम. पोरं घरी बंजाऱ्यांची गोरबोली बोलतात, मराठी शाळेत शिकतात. पाचवा, सहावा, सातवा ऐकून ती बिचारी उलटी येतात : चारवा, तीनवा, दोनवा. यात पोरांचं काय चुकलं, असं मी एकदा म्हणून बसलो. मॅडमनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

"पयले चार भाऊ लाडावलेले हायेत, सर. त्याईची नावं पाठच करा लागते. पाचव्यापासून समदे सरळ."

शाळा उघडली की मॅडम पोरांची रांग लावतात आणि म्हणतात, "पाचवा पुढे या." पाच पोरं पुढे येतात. दरवर्षी येतात. "पाच नाई रे बाप्पा, पाचवा! एकटाच असते तो!" मग ती पाच जणं एकमेकांना ढकलू लागतात, कारण एकट्याने पुढे जायला कुणी तयार नसतं. 'दुसरा' मात्र मॅडम सगळ्यात सावकाश शिकवतात. पहिल्या पोराच्या खांद्यावर एक हात, मागच्याच्या खांद्यावर एक हात. "दुसरा म्हंजे कोन? भलताच कोनी नाई. पयल्याच्या लागून जो उभा हाय, तो." मग रांगेवरून फिरत एकेकाला विचारतात, "आता कितवा? आता कितवा?"

शाळा सुटली तरी हे सुटत नाही. दिग्रसच्या स्टँडवर माझ्या चहात माशी पडली. "दुसरा आण रे," मी ओरडलो. मॅडमनी पोऱ्याला तिथंच थांबवलं. "निराळा म्हना, सर. दुसऱ्याचे पैसे लागते." हॉटेलवाला हसला आणि पैसे दोन्हींचे घेतले.

हे खूळ आलं कुठून, ते तांड्यावर आणि दिग्रसमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. मॅडमचं लग्न दुसरेपणावर झालं. नवऱ्याची पहिली बायको वारली तेव्हा लेक, सोनल, अंगणवाडीत होती. शेजारणी पोरीसमोरच ओळख करून देत, "हे सोनलची दुसरी आई." दुसरी म्हणायचं आणि सूर परकीचा लावायचा. बाजारात, बसमध्ये, चहाच्या टपरीवर लोकांना टोकणाऱ्या मॅडम तिथे मात्र गप्प राहत.

पहिलीत सोनल त्यांच्याच वर्गात बसली. वर्गात मॅडम म्हणायची सवय लागली ती घरीही तशीच राहिली. लग्न होऊन मारेगावला गेली तरी मॅडमच. "शाळेतबी मॅडम, घरीबी मॅडम," त्या हसून सांगत, "मले सुट्टीच नाई, सर." हसणं थोडं लांबत असे. मी कपाटाआडून ऐकत असे आणि फळा पुसत असे.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपल्याकडची रीत. मॅडमनी डिंकाचे लाडू वळले, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, मागची खोली चुन्याने रंगवली. सोनल गेली पुसदला, सख्ख्या मावशीकडे. "मावशी म्हंजे मायच ना," मॅडम म्हणाल्या. लाडू एसटीने पुसदला रवाना झाले आणि त्या दिवशी आमच्याकडे क्रमाचा तास झाला नाही. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटल्याचं कसं सांगायचं ते न कळून मी तिसरीच्या पोरांना भागाकार घातला.

त्यालाही आता काही वर्षं झाली. परवा मधल्या सुट्टीत मॅडम खिचडी वाढत होत्या. फोन वाजला. हात खरकटे म्हणून त्यांनी स्पीकर लावायला मला कोपराने खुणावलं.

"मॅडम, सोनल बोलून राह्यली. सातवा लागला मले."

"तब्येत बरी हाय ना? जड उचलू नको."

"सासूबाई म्हन्ते दुसरं बाळंतपन सासरीच होते. मी म्हटलं, मले मॅडमकडे जायचं हाय."

मॅडमच्या हातातला डाव पातेल्यावर थांबला. "काहून वो? मावशी हाय ना पुसदले?"

"मावशीनं समदं केलं. पन कळा येऊन राह्यल्या होत्या ना, तवा एक कळ गेली की माह्या कानात तुमीच बोलत होत्या. आता कितवी? आता कितवी? सिस्टर म्हने, पोरी, देवाचं नाव घे. मी म्हटलं, अकरावी."

रांगेतली पोरं खिदळली. मॅडम हसल्या नाहीत.

"हसू नका ना. तेवढ्यानंच निभलं माह्यं. तवाच ठरवलं होतं, पुढच्या खेपेले तुमच्याकडेच. खरं तर पयल्यालेच याले पाह्यजे होतं. लाडूबी मावशीच्या पोरांनीच खाल्ले. न्याले येता ना मले?"

मॅडमनी डाव पातेल्यात सोडला. खरकट्या हातानेच पदर तोंडाला लावला.

"मॅडम? ऐकून राह्यल्या ना? येता ना?"

शेवटी मीच फोन उचलला. "सोनल, मी शाळेतला सर बोलून राह्यलो. मॅडम रडून राह्यल्या, बाई. तू बॅग भर."