सेतुरामरावांची अर्धी खिडकी

कॅल्क्युलेटर असो, बातम्या असोत, विजेच्या बिलाचं पान असो, सेतुरामरावांच्या काँप्युटरवर काहीही उघडलं तरी ते पडद्याच्या डाव्या अर्ध्यातच उघडायला हवं. उघडल्यावर ओढून लहान केलेलं त्यांना चालत नाही. उघडतानाच अर्धं. एखादा प्रोग्रॅम क्षणभर जरी पडदाभर पसरला, तरी हा सत्तरी पार केलेला माणूस खुर्चीतून असा उठतो, जसं काही गॅसवर दूध उतू चाललंय.

“अर्धी पुरे!” ते ओरडतात. “पाहुण्यानें तिण्णैवर बसावें. सबंध घर कशास व्यापावें?”

तिण्णै म्हणजे मैलापूरच्या जुन्या घरांपुढचा बसायचा कट्टा. सेतुरामराव तंजावरकडचे मराठी. शब्द त्यांच्या पणजोबांच्या काळचे आणि हेल अस्सल तमिळ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. पुढे कळलं, ते थट्टा करतच नाहीत. केली असती तर बरं झालं असतं.

मी मूळचा विट्याकडचा. सातवीत शाळा सुटली आणि मामाबरोबर सोनं गाळायच्या कामाला इथे तमिळ मुलखात आलो. आता एग्मोर स्टेशनच्या मागे माझं स्वतःचं दुकान आहे. सिरुसेरीच्या आयटी कंपन्या जुने काँप्युटर काढतात, ते मी लॉटमध्ये उचलतो, साफसूफ करून विकतो. लॉट घेताना मी असा भांडतो की समोरची टाय लावलेली माणसं शेवटी स्वतःसाठी पाणी मागवतात. घासाघिशीत मला आजवर कोणी हरवलेलं नाही. सेतुरामराव सोडून. आणि त्यांनी तर घासाघीस केलीच नाही.

ते पहिल्यांदा आले तेव्हा मी नेहमीप्रमाणे चढी किंमत सांगितली आणि भांडायला बाह्या सरसावल्या. ते म्हणाले, “सरि.” म्हणजे ठीक आहे. संपलं! मला भरल्या ताटावरून उठवल्यासारखं झालं.

“मात्र एक अट,” ते म्हणाले. “खिडकी मी सांगतों तशी उघडेल. न उघडल्यास यंत्र परत घ्यावें.”

“कंडिप्पा!” मी म्हणालो. अगदी नक्की, या अर्थाचा हा तमिळ शब्द मी दिवसातून पन्नासदा वापरतो. कसली खिडकी, हेही विचारलं नाही. तिथेच फसलो.

नवव्या दिवशी ते रिक्षातून उतरले. जुन्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, गुंडाळलेला काँप्युटरचा डबा तान्ह्या मुलासारखा छातीशी. “भानुदासराव, खिडकी पसरली.”

आता प्रोग्रॅम कसा उघडावा, यासाठी काँप्युटर बनवणाऱ्यांनी तीन पर्याय ठेवलेत. साधा, पडदाभर, किंवा खाली पट्टीत दडलेला. अर्धा हा पर्यायच नाही. काही प्रोग्रॅम गुणी असतात. ज्या आकारात बंद करावेत, त्याच आकारात पुढच्या वेळी उघडतात. काही मात्र माझ्या थोरल्या मेव्हण्यासारखे. कितीही समजवा, आले की पलंगभर. मी एकेकाला वठणीवर आणलं. पण महिन्याभरात कुठलं तरी अपडेट आलं, आणि सगळे पुन्हा होते तसे. पुन्हा रिक्षा, पुन्हा वेष्टी.

असं तेरा वेळा झालं. तेरा! दरवेळी दुकानात गिऱ्हाइकं उभी, आणि हे माझ्या खुर्चीत बसून सगळे प्रोग्रॅम एकामागून एक उघडून बघतायत. प्रत्येक उघडला की मान डोलवायची. “अर्धी. सरि. अर्धी. सरि.” एखादा चुकला की सबंध परीक्षा पहिल्यापासून.

एकदा मी टेबलावर हात आपटला. “अहो, पडदा तुमचा, घर तुमचं! उजवी बाजू काय भाड्याने दिलीय?”

ते शांतपणे म्हणाले, “आमा. तिकडे बिऱ्हाड आहे.” आमा म्हणजे हो.

“मग दुसरा पडदा देतो. फुकट! एकावर तुम्ही नाचा, एकावर तुमचं बिऱ्हाड.”

“नको. वेगळें बसविलें तर रागावतील.”

“कोण?”

त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि कॅल्क्युलेटर उघडला. “अर्धी. सरि.”

गेल्या महिन्यात चौदाव्या वेळी ते आले नाहीत, फोन आला. सकाळचे दहा वाजले होते. “सगळें पसरलें, भानुदासराव. मज घर सोडून येतां येत नाही. तुम्ही याल?”

आवाज बारीक येत होता, पण माझं डोकं तापलेलं. ठरवलं, आज यंत्र परत घ्यायचं आणि या अटीतून सुटायचं. आयुष्यात एकही विकलेला माल मी परत घेतलेला नाही, तो आज घ्यायचा. स्कूटर काढली आणि वाटेत सगळी भाषणं तयार केली.

मैलापूरच्या त्या घराचं दार आतून कडी लावून वर कुलूप घातलेलं. दिवसाढवळ्या. सेतुरामरावांनी उघडलं, मला आत घेतलं आणि पुन्हा लावलं.

काँप्युटरपुढे दोन खुर्च्या होत्या. एकीवर त्यांच्या पत्नी बसलेल्या. सुती साडी, केसांत मोगऱ्याचा गजरा, हातात लाकडी पट्टी. पडद्यावर वर्तमानपत्राचं पान ऐसपैस पसरलेलं, आणि त्या पट्टीने त्याला बाजूला सारू पाहत होत्या.

“पिल्लं कोठें गेलीं?” त्या विचारत होत्या. “सगळीं एकदम कशीं गेलीं?”

सेतुरामरावांनी ते पान बंद केलं. खाली, उजव्या अर्ध्यात, एक यादी होती. मोठ्या अक्षरांत चाळीसेक नावं. आनंदी, बालाजी, चंद्रा... बाईंनी पट्टी एकेका नावावर ठेवत मोजायला सुरुवात केली, आणि चेहरा हळूहळू निवला.

ते मला दाराशी घेऊन गेले. “शाळेंत हेडमिस्ट्रेस होती. आतां सगळें विसरते. मजसुद्धां, कधी कधी. हजेरी मात्र विसरत नाही. नांवें दिसलीं की दिवसभर स्वस्थ. झांकलीं की शोधायला निघते. परवां देवळाच्या तळ्यापर्यंत पोचली होती, एकटीच.”

मी म्हणालो, “अहो, मग हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना!”

“दुकानांत? चार माणसांसमोर?” ते म्हणाले. “हेडमिस्ट्रेस होती ती.”

माझी सगळी भाषणं स्कूटरवरच राहिली. मी बसलो. काम पाच मिनिटांचं होतं, याचाच मला आजही राग येतो. पन्नास प्रोग्रॅमना शिस्त लावायची गरजच नव्हती. एका खिडकीला कायम सगळ्यांच्या वर ठेवता येतं. मग बाकीचे कितीही पसरोत, तिच्या खालीच पसरतात. मी यादीला तशी वर बसवली आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडलं. ते मुजोरपणे पडदाभर आलं, पण यादी जागची हलली नाही. सेतुरामरावांनी सगळे प्रोग्रॅम उघडून पाहिले. पहिल्यांदाच “अर्धी” म्हणाले नाहीत. नुसतेच डोळे पुसत बसले.

मी उठायला लागलो तर पट्टी माझ्या दंडावर टेकली.

“नांव?”

“भानुदास.”

बाईंनी यादीवरून पट्टी फिरवली. दोनदा. “पटावर नाही.” मग नवऱ्याकडे वळून, “लिहा हो.” त्यांनी शेवटी माझं नाव टाइप केलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. “इतके दिवस गैरहजर. कारण?”

मी भल्याभल्यांची तोंडं बंद केली आहेत. तिथे मात्र मी हात मागे बांधून सरळ उभा राहिलो.

“कामाला जात होतो, बाई,” मी म्हणालो.

“उद्यांपासून वेळेवर यावें.”

आता खिडकी बिघडत नाही, त्यामुळे सेतुरामरावांचा फोन येत नाही. तरी दर गुरुवारी मी आधी मैलापूरला जातो आणि दुकान अर्धा तास उशिरा उघडतो. गिऱ्हाइकं बोंब मारतात. मारू देत.