मेलेलं पाणी

काविळीची साथ होती. पिंपरीतल्या औषध कारखान्याच्या कॉलनीत पाणी उकळूनच प्यायचं, हे अरुंधतीनं घरोघर फिरून बायकांच्या गळी उतरवलं होतं. तिच्या नवऱ्यानं एका रविवारी सकाळी त्या सगळ्यावर पाणी फिरवलं.

श्रीपाद कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. पाण्यातला प्राणवायू मोजणारी कांडी त्यानं स्वतः बनवली होती आणि ती कुणाला दाखवू नि कुणाला नको, असं त्याला झालं होतं. घरात सापडल्या बायको आणि शेजारच्या रुक्मिणीबाई.

"आत दोन इलेक्ट्रोड, एक चांदीचा, एक शिशाचा. मधे क्षाराचं पाणी, टोकाला हा पातळ पडदा. प्राणवायू पडद्यातून आत शिरतो, चांदीवर पोचला की विजेचे कण मागतो. ते शिसं तारेवाटे पुरवतं. जितका प्राणवायू, तितकी वीज, तितका मीटरचा काटा वर."

"आणि शिशाचं काय होतं?" अरुंधतीनं विचारलं.

"ते झिजतं."

"म्हणजे मान चांदीचा नि झीज शिशाची. कळलं."

नळाच्या पाण्यात कांडी बुडवताच काटा सरसर चढला. श्रीपाद हरखला. त्याच भरात त्यानं ती उकळून, झाकून निववलेल्या पाण्यात घातली. काटा उतरत उतरत तळाला टेकला.

"ह्यात प्राणवायू न्हाई व्हय?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"जवळजवळ नाहीच. उकळलं की उडून जातो," श्रीपाद आनंदानं म्हणाला.

"म्हंजी पानी मेलं."

दुपारपर्यंत ही बातमी घरोघर पोचली आणि कॉलनीतले पाणी उकळायचे स्टोव्ह विझले. प्राणवायू आपण नाकानं घेतो, पाण्यातून घेतात ते मासे, असं सांगत श्रीपाद दारोदार हिंडला. "मशीन तर तुमचंच ना," एवढंच त्याला ऐकायला मिळालं. जंतू दाखवणारा काटा काही त्याच्याकडे नव्हता. अरुंधतीनं त्याच्याशी बोलणंच टाकलं.

संध्याकाळी त्याला युक्ती सुचली. रुक्मिणीबाईंच्याच ओट्यावर, सगळ्या बायकांसमोर, त्यानं उकळून गार केलेलं पाणी एका स्वच्छ पातेल्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतायला सुरुवात केली. हात भरून येईतो ओतलं आणि कांडी बुडवली. काटा थरथरला, मग चढतच गेला.

"जित्तं झालं," रुक्मिणीबाई पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवसापासून घरोघर पाणी उकळून उंचावरून ओतलं जाऊ लागलं. आजवर गुपचूप नळाचंच पिणाऱ्या घरांतसुद्धा. अरुंधती बोलू लागली. श्रीपादनं सुटकेचा निःश्वास टाकला, तोच रुक्मिणीबाई झाकलेलं पातेलं घेऊन दारात उभ्या.

"भाऊ, पान्याचं भागलं. पर दूध तर आमी जल्मभर उकळूनच पितोय," त्या काळजीनं म्हणाल्या. "त्ये कवा मेलं, तेवढं बघा."