बाबांनी अर्धा बघितलेला सिनेमा

चित्रपट परीक्षणाच्या धंद्यात माझ्यासारखं प्रामाणिक माणूस शोधून सापडायचं नाही! हे माझं मीच म्हणतेय, पण खोटं नाही. ओटीटीवर दर शुक्रवारी नवे सिनेमे आणि मालिका पोत्याने येऊन पडतात. त्यातलं जे माझ्या वाट्याला येतं ते मी शेवटपर्यंत बघते, अगदी शेवटच्या केशभूषाकाराचं नाव वर सरकून जाईपर्यंत. आमच्यात असेही महाभाग आहेत, जे भाजी चिरता चिरता दीडपट वेगाने आठ भाग उरकतात आणि वर लिहितात, ‘दिग्दर्शकाने संथ लय छान साधली आहे’! मी त्यातली नाही.

अपवाद एकच. दीपगृहातल्या खुनाचा तो सिनेमा. तो मी बघितला नव्हता, बघणार नव्हते आणि घरात दुसऱ्या कुणाला बघूही देत नव्हते. कारण तो बाबांनी अर्धा बघितला होता.

एका रविवारी दुपारी त्यांनी तो लावला आणि संध्याकाळी मला फोन केला. मी तेव्हा वेगळी राहत होते.

“अर्धा झालाय. तुझ्या परीक्षणाची वाट बघणार नाही मी. खुनी बोटवाला आहे!”

बाबा कुठल्याही रहस्यपटातला खुनी पहिल्या दहा मिनिटांत ओळखायचे, आणि तो कधीही बरोबर नसायचा. त्यांनी ज्याच्याकडे बोट दाखवलं तो आमच्या घरात तत्काळ निर्दोष सुटायचा.

“बघू,” मी म्हटलं.

“बघू काय! उरलेला अर्धा बघतो आणि कळवतो.”

मंगळवारी सकाळी बाबा गेले. त्या शुक्रवारी माझं सदर आलं नाही. संपादकांनीही का म्हणून विचारलं नाही.

त्यानंतर मी आईकडे राहायला आले. टीव्ही लावला की आधी प्रोफाइल विचारतो. माझ्या नावापुढे काही नाही, बाबांच्या नावावर पिवळं बदक. ते बदक त्यांनी स्वतः निवडलं होतं, भारदस्त दिसतं म्हणून. बदकावर गेलं की ‘पुढे पाहा’च्या ओळीत पहिलं चित्र त्या सिनेमाचं. एका मिशीवाल्या माणसाचा मोठा चेहरा, मागे दीपगृह आणि चित्राच्या तळाशी एक बारीक लाल रेघ. रेघ मिशीच्या मध्यापर्यंत येऊन थांबलेली. बाबा इथपर्यंत आले आणि इथे थांबले. घरातल्या बाकी सगळ्या वस्तूंची आवराआवर झाली. चष्मा कपाटात गेला, चपला कुणाला तरी देऊन झाल्या. ही रेघ मात्र जिथल्या तिथे होती. रोज कामाला बसण्याआधी मी ती बघून यायची, दूध तापलं का बघावं तशी, आणि सदर लिहायला घ्यायची. सहा महिने सगळं सुरळीत चाललं होतं.

मग त्या सिनेमाचा दुसरा भाग आला!

संपादकांचा फोन. “संध्याकाळी सहापर्यंत परीक्षण हवंय. पहिला भाग बघितलायस ना?”

“त्यावाचून अडेल का?”

“पहिला संपतो तिथूनच दुसरा सुरू होतो म्हणे. बघून घे.”

संपादकांचं एक वेळ जमवून घेतलं असतं. खरा धोका घरात होता. दुसरा भाग आल्यापासून बदकाच्या पानावर भिंतीएवढी जाहिरात येऊन बसली होती: ‘आधी पहिला भाग पाहा!’ आणि आईला सोबत म्हणून आत्या राहायला आली होती. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. रिमोट हातात आला की ती त्याची बटणं शेंगा सोलाव्यात तशी दाबत सुटते. रेघेचं काही खरं नव्हतं.

मी एक नामी योजना आखली. बाबांच्या प्रोफाइलला कुलूप घालायचं! चार आकडी पिन, जी फक्त मला माहीत. मी दादाला फोन लावला. माझा हा थोरला भाऊ संगणकाच्या कंपनीत आहे, त्यामुळे घरच्या इस्त्रीपासून गिझरपर्यंत सगळ्याचा तज्ज्ञ मानला जातो.

“सोपं आहे,” दादा म्हणाला. “सेटिंगमध्ये जा. तुझ्या मोबाइलवर कोड येईल.”

मोबाइल स्पीकरवर टाकून मी आत चार्जिंगला लावून ठेवला होता. कोड बघायला मी उठून आत गेले. रिमोट सोफ्यावर ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा ते कळलं नाही.

मी मोबाइल उचलते न उचलते तोच बाहेर वाद्यवृंद गरजला! मग किंकाळ्या, मग चित्रपट सुसाट पळताना येतो तसला आवाज. मी धावत बाहेर आले. आत्या सोफ्यावर ऐसपैस बसली होती आणि पडद्यावर नावं वर सरकत होती. मुख्य कलाकार. सहायक कलाकार. केशभूषा.

“आत्या, रिमोट कुठाय?”

“मला काय माहीत? मी तर आत्ताच बसले.”

“ऊठ!”

“अगं, बसू तर दे नीट!”

“आत्या, ऊठ आधी!”

ती उठली. रिमोट तिच्याखाली होता, बिचारा अजून गरम. मी घाईघाईने ‘पुढे पाहा’ची ओळ काढली. मिशीवाला गायब! त्याच्या जागी व्हेल माशांचा माहितीपट.

“अहो तज्ज्ञ!” मी मोबाइलवर ओरडले. “रेघ गेली!”

“कसली रेघ?”

“बाबांची!”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाला, “येतोच.”

तो येईपर्यंत मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. आधी बराच वेळ बासरी वाजली, मग एक मुलगी आली.

“मी आपल्याला काय मदत करू शकते, मॅडम?”

“माझ्या वडिलांची रेघ गेलीय.”

“काय गेलंय, मॅडम?”

“रेघ. लाल. सिनेमा अर्धा बघून सोडला की येते ती. आत्या तिच्यावर बसली.”

“कोण कशावर बसलंय, मॅडम?”

मी पहिल्यापासून सांगितलं. शिकलेल्या माणसाने अशी तक्रार करताना आवाज कसा ठेवायचा, हे कुठे शिकवत नाहीत.

“खातं वडिलांच्या नावावर दिसतंय, मॅडम. ते दोन मिनिटं बोलू शकतील का?”

“नाही,” मी म्हटलं.

तिला काय ते उमगलं असावं, कारण पुढचं ती पाठ केलेल्या आवाजात बोलली नाही. “असं करा ना. सिनेमा लावा, त्यांनी जिथे थांबवला होता तिथपर्यंत न्या आणि बंद करा. रेघ परत येईल. अगदी तशीच.”

एवढं सोपं! मी तिचे दहादा आभार मानले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की त्यांनी कुठे थांबवला होता, हे मला माहीत नाही.

दादा टेप घेऊन आला. लांबी मोजायची टेप!

“हे कशाला?”

“रेघ मिशीच्या मध्यापर्यंत होती म्हणालीस ना? चित्राची रुंदी मोजू, त्रैराशिक मांडू, मिनिट निघेल.”

“मध्यापर्यंत कुठली!” आत्या म्हणाली. “नाकपुडीपर्यंत होती. मी येता-जाता बघायची.”

“आत्या, नाकपुडी मिशीच्या वरच असते,” दादा म्हणाला.

“उजवी नाकपुडी. नीट मोज.”

“आमची उजवी की त्याची उजवी?”

आम्ही तिघं टीव्हीसमोर गुडघे टेकून मिशी मोजत होतो. डॉक्टरने त्या क्षणी बघितलं असतं तर तिघांनाही एकाच गोळीवर ठेवलं असतं! दादाचं त्रैराशिक आलं ते एका गलबताच्या दृश्यावर. “शक्य नाही,” आत्या म्हणाली. “भाऊने मला सांगितलं होतं, एक बाई कड्यावरून उडी मारते. तिथवर आला होता तो.” दादा म्हणाला, उडी तर जाहिरातीतही आहे, मला बाबा कंदिलाबद्दल बोलले होते. मी म्हटलं, मला फक्त बोटवाला म्हणाले. मग आम्ही पुढे-मागे करत बसलो. गलबत, उडी, कंदील. उडी, कंदील, गलबत. ती बाई त्या दुपारी पाच वेळा कड्यावरून पडली.

शेवटी दादाने टेप खाली टाकली. “राहू दे. कुठेही थांबवू. काय फरक पडतो?”

“कुठेही?” माझा आवाज चढला. “कुठेही थांबवायचं तर ती त्यांची रेघ कशी? ती आपली होईल. त्यांनी शेवटचं काय बघितलं एवढं एकच मला ठाऊक होतं, दादा. तेही आता नाही.”

आत्या रडायला लागली. “मी नुसती बसले गं. मला काय ठाऊक, खाली भाऊचं काही आहे म्हणून.”

इतका वेळ आई जेवणाच्या टेबलाशी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने उशीचा अभ्रा बाजूला ठेवला.

“इन्स्पेक्टर किटलीचं झाकण उचलतो,” ती म्हणाली. “तिथे.”

“काय?”

“तिथे थांबवला होता.”

काखेत कळसा! आम्ही तिघांनी माना वळवल्या. दादाने सिनेमा सरकवला. स्वयंपाकघर, चूल, किटली, इन्स्पेक्टरचा हात.

“हेच,” आई म्हणाली.

“आई, तुला इतकं नेमकं कसं माहीत?”

“मीच बंद केला ना. माझा खांदा अवघडला होता.”

“आणि बाबा?”

“ते झोपले होते.” आईने दुसरा अभ्रा घेतला. “पहिल्या दहा मिनिटांत खुनी सांगितला आणि झोपले. नेहमीसारखे. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. पुढचं सगळं मीच बघितलं.”

सहा महिने मी ज्या रेघेचं दर्शन घेऊन कामाला लागत होते, ती रेघ आईची होती!

“मग तू बोलली का नाहीस?”

“ते तुम्हा सगळ्यांना फोन करकरून सांगत होते ना, अर्धा बघितला म्हणून. मी कशाला त्यांना खोटं पाडू?”

“पण आई, ते प्रोफाइल बाबांचं—”

“आमचं दोघांचं एकच होतं गं. नाव तेवढं त्यांचं.”

दादा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. टेप आपोआप गुंडाळली जाऊन टप्पकन मिटली.

“आणि खरं सांगू का?” आई म्हणाली. “मला शेवट बघायचाय. त्या किटलीत काय होतं, हा विचार सहा महिने डोक्यातून जात नाहीये. दुपारी तू कामाला बसलीस की वाटायचं, लावावा. पण तू अशी काही त्या टीव्हीची राखण करायचीस की म्हटलं, जाऊ दे.”

दादाने रिमोट तिच्या हातात दिला.

आम्ही चौघांनी उरलेला अर्धा सिनेमा बघितला. आई सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात बसली. तिच्या डाव्या हाताची जागा मोकळी होती, तिथे कुणी बसावं हे कुणाला सुचेना. मग आत्याच बसली, या वेळी आधी हाताने नीट चाचपून. किटलीत एक किल्ली होती. किल्ली निघाली दीपगृहाच्या गच्चीची. गच्चीवर सगळे जमले आणि इन्स्पेक्टरने भाषण केलं. खून डॉक्टरीणबाईंनी केला होता. बोटवाला बिचारा सज्जन! त्याने तर शेवटी सगळ्यांना किनाऱ्यावर नेऊन सोडलं.

आईने आनंदाने डावं कोपर शेजारच्या बरगडीत मारलं.

“हरलात!” ती म्हणाली. “मी सांगितलं नव्हतं, बोटवाला नाही म्हणून?”

आईचं कोपर अजून आत्याच्या कुशीत होतं. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात येताना मला दिसलं. ते बघायला नको म्हणून मी पडद्यावरची नावं वाचायला लागले, पण ती काही वाचता येईनात.

आत्याने बरगडी चोळली.

“हरलो बुवा,” ती म्हणाली.

आईने तिच्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. आत्यालाही फुटलं. दोघी एकमेकींना धरून इतक्या हसल्या की दादाला आतून पाणी आणायला जावं लागलं. तो बराच वेळ बाहेर आला नाही आणि शेवटी आला तो पाणी न घेताच. आईने डोळे पुसायला जे घेतलं, तो घडी घातलेला अभ्रा होता. रेघ कुठल्या कुठे गेली होती. कुणी तिचं नावही काढलं नाही.

तेवढ्यात पडद्यावर आकडे उलटे पडायला लागले. दुसरा भाग आपोआप सुरू होणार होता.

“चालू राहू दे,” आई म्हणाली.

“आई, हा मला कामासाठी बघायचाय. सहापर्यंत लिहून द्यायचंय. मध्ये कुणीही बोलायचं नाही!”

“आम्ही कशाला बोलतोय? हो ना वन्सं?”

“छे, वहिनी! आपण तर तोंडाला कुलूप.”

एक जहाज आलं. जहाजातून उंच टोपी घातलेला एक माणूस उतरला. त्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं. आई पुढे सरकून बसली, आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते तिने केलं. पडद्याकडे बोट दाखवलं.

“हा टोपीवाला. यानेच मारलंय. लिहून घे!”

मी लिहून घेतलं. परीक्षण सहाऐवजी आठला गेलं, संपादक बोलायचं ते बोलले आणि तीन तारे छापून आले. सिनेमा खरं तर दोनचाच होता. रहस्यपटाचा शेवट परीक्षणात फोडायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, आणि तो मी आजवर कधी मोडलेला नाही. तुम्हालाही एवढंच सांगते: टोपीवाला नाही.